कावळा, फांदी आणि दीर्घिका

माझ्या आईवर एक आरोप आहे. तो माझ्या जन्माच्या आधीचा आहे आणि आजवर कुणी मागे घेतलेला नाही. आरोप असा, की ती लग्न होऊन घरात आली आणि आमचं घर फुटलं.

घर म्हणजे जिंतूर तालुक्यातल्या एका गावातलं एकत्र कुटुंब. आजोबा आणि त्यांचे दोन धाकटे भाऊ, एक चूल, बावीस एकर काळं रान, एक विहीर. १९९६च्या वैशाखात आई या घरात आली. पुढची संक्रांत यायच्या आत एका चुलीच्या तीन चुली झाल्या. त्यानंतर जुन्या दिवसांचा विषय निघाला की आजीचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "काय कमी व्हतं या घराला? पर हिचा पायगुण." ती हे रागानं म्हणायची नाही. ढग आले की अंधारतं, इतक्या सहजपणे म्हणायची. आई तेव्हा काही बोलायची नाही. भाकरी तेवढी जरा जोरात थापली जायची.

मी नांदेडला फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं. आता परभणीत अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते. आकाशाचा नाद कॉलेजपासूनचा. रात्री क्लासचे पेपर तपासून झाले की मोबाइलवर खगोलशास्त्राचे शोधनिबंध वाचत पडते. निम्मे कळतात, निम्मे पुन्हा वाचावे लागतात. गेल्या वर्षी असाच एक वाद वाचत होते. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या की त्यांच्या केंद्रातलं कृष्णविवर पेटतं का? की पेटण्याचं कारण त्या दीर्घिकेच्या आतल्या घडणीतच असतं? चार-पाच निबंध वाचून झाल्यावर मी फोन उशीखाली ठेवला आणि मला हसू आलं. पन्नास वर्षं जगभरचे शास्त्रज्ञ ज्यावर वाद घालतायत, तो पायगुणाचाच प्रश्न होता.

*

आधी प्रश्न नीट मांडते.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका आहे. अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचा फिरता पसारा. तिच्या केंद्रात सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षं माग काढणाऱ्या राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२०चं नोबेल मिळालं. जवळपास प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या पोटात असं एक अवाढव्य कृष्णविवर असतं. बहुतेक वेळा ते निजलेलं असतं. आपलंही निजलेलंच आहे. पण काही दीर्घिकांचं केंद्र असं पेटतं, की त्या उजेडापुढे तिचे सगळे तारे मिळून फिके पडतात. अशा केंद्राला 'सक्रिय दीर्घिकाकेंद्र' म्हणतात. त्यांतले सर्वांत प्रखर ते क्वेसार. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी '३सी २७३' नावाच्या, साध्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचा वर्णपट उलगडला, तेव्हा तो ठिपका दोनशे कोटींहून जास्त प्रकाशवर्षं दूर असल्याचं निघालं. इतक्या दुरून दिसायचं तर तो किती भडक असेल, याचा अंदाज करा.

कृष्णविवर स्वतः उजेड देत नाही. त्याच्यात पडणारा वायू पडता पडता घासतो, तापतो, आणि तोच तळपतो. म्हणजे पेटायला दोन गोष्टी हव्यात, चूल आणि सरपण. चूल घरोघरी आहे. सरपणही पुष्कळ ठिकाणी आहे. अडचण आहे ती सरपण चुलीपर्यंत पोचण्याची. ज्वारीच्या राखणीला मचाणावर उभं राहून ज्यानं गोफण फिरवली आहे, त्याला हे लगेच कळेल. गोफण गरगरत असते तोवर दगड हाताकडे येत नाही. दीर्घिकेतला वायू असाच केंद्राभोवती फिरत असतो, आणि फिरतोय तोवर तो आत पडत नाही. त्याचं फिरणं कुणीतरी काढून घ्यावं लागतं. ते कोण काढून घेतं, हा सगळा वाद आहे.

१९७२ साली अलार आणि यूरी टूमरे या भावांनी त्या काळच्या कॉम्प्युटरवर दोन दीर्घिकांना एकमेकींच्या जवळून जाऊ दिलं. गुरुत्वाकर्षणाच्या ओढीनं त्यांचे लांबच लांब पदर निघाले, आकाशात दिसणाऱ्या काही विचित्र दीर्घिकांसारखेच. त्याच निबंधात त्यांनी एक शंका मांडून ठेवली. अशा झटापटीत बराच वायू केंद्राकडे ढकलला जात असेल का? दीर्घिकांची टक्कर दोन ट्रक आदळल्यासारखी नसते. तारे इतके विरळ असतात की ते एकमेकांना लागत नाहीत. वायू मात्र आदळतो, पिळवटतो, आणि फिरणं हरवून आत घसरतो. कल्पना सुंदर होती. पुढे जसजसे चांगले फोटो येत गेले, तसतशी अतिप्रखर केंद्रांच्या घरी बऱ्याचदा मोडतोड दिसूही लागली. तुटलेले बाहू, ओढले गेलेले पदर, शेजारी अर्धवट गिळलेली दुसरी दीर्घिका.

पाहुणी आली आणि चूल भडकली. पायगुण सिद्ध!

*

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. म्हण आपण योगायोगासाठी वापरतो, पण तिच्यात खरं तर तीन शक्यता दडलेल्या आहेत. एक, फांदी त्या क्षणी मोडणारच होती, कावळ्याचा काही संबंध नाही. दोन, फांदी आतून पोखरलेली होती आणि कावळ्याच्या वजनानं शेवटचं काम केलं. तीन, फांदी धडधाकट होती, पण बसलेला पक्षी कावळा नसून चांगलं दणकट गिधाड होतं. मोडून पडलेल्या एका फांदीकडे कितीही वेळ बघत बसलं तरी यांतलं काय घडलं ते सांगता येत नाही. त्यासाठी इतर फांद्यांकडे बघावं लागतं. ज्यांच्यावर कावळे बसले आणि तरी मोडल्या नाहीत त्या किती? कावळा न बसताच मोडल्या त्या किती?

न्यायशास्त्राच्या पंडितांनाही हा घोळ ठाऊक होता. घड्याचं कारण काय, याची चर्चा करताना ते कुंभाराच्या गाढवाला बाजूला काढतात. माती गाढवावर लादून आली, म्हणजे घडा होण्याआधी गाढव हजर होतं, हे खरंच. पण हीच माती कुणी पाटीनं डोक्यावर आणली असती, तरी घडा झालाच असता. म्हणून गाढव आधी असूनही कारण नाही. त्याला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आधी हजर असणं पुरत नाही. नेहमी हजर असावं लागतं, आणि त्याच्यावाचून अडावंही लागतं.

दीर्घिकांच्या बाबतीत ही इतर फांद्या मोजायची मेहनत २०११ साली मॉरिसियो सिस्टर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. हबल दुर्बिणीनं टिपलेल्या आकाशाच्या एका तुकड्यातून त्यांनी पेटलेल्या केंद्राच्या १४० दीर्घिका घेतल्या, आणि त्यांच्या जोडीला तशाच, पण शांत केंद्राच्या १,२६४. मग दहा जाणकारांना फोटो दाखवून विचारलं, यांत टकरीच्या खुणा कुठे दिसतात? आता यात एक मेख होती. पेटलेलं केंद्र फोटोत चमकतं. पाहणाऱ्याला ते दिसलं की मनात आधीच ठरतं, हिची टक्कर झालेली असणार. म्हणून त्यांनी शांत दीर्घिकांच्या फोटोंतही मधोमध खोटा उजेड बसवला. आता कोण पेटलेली आणि कोण शांत, हे पाहणाऱ्याला कळायची सोय राहिली नाही.

निकाल असा आला. पेटलेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त दीर्घिकांवर जोरदार टकरीची खूण नव्हती. आणि मोडतोड झालेल्यांचं प्रमाण पेटलेल्या व शांत, दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं.

मला यातला खोटा उजेड बसवण्याचा भाग सगळ्यांत आवडतो. आपल्या मनात आधीपासून एक गुन्हेगार बसलेला आहे, हे त्या माणसांनी मान्य केलं, आणि त्याच्यापासून स्वतःचेच डोळे वाचवले.

मग टक्कर निर्दोष सुटली का? तसंही नाही. त्याच वर्षी सारा एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकींच्या अगदी जवळ आलेल्या दीर्घिकांच्या जोड्या तपासल्या. सर्वांत जवळच्या जोड्यांमध्ये पेटलेल्या केंद्रांचं प्रमाण तशाच एकट्या दीर्घिकांच्या मानानं अडीच पटीपर्यंत वाढलेलं निघालं. पुढच्या वर्षी एसेकिएल ट्राइस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की केंद्र जितकं जास्त प्रखर, तितकी त्यामागे मोठी टक्कर असण्याची शक्यता जास्त. दोन्ही बाजूंचे निकाल एकदम खरे असू शकतात. टकरीनं पेटण्याची शक्यता वाढते, मोठे भडके बऱ्याचदा तिनंच उडतात, आणि तरीही बहुतेक साध्या केंद्रांना पेटायला टक्कर लागत नाही. त्यांचं सरपण घरातल्या घरातच सरकत असतं. कधी सर्पिल दीर्घिकेच्या मधल्या ताऱ्यांच्या दांड्यामुळे, कधी बाहूंच्या ओढीमुळे, कधी नुसता एखादा ढग भरकटून. दांड्याचा हात किती मोठा, यावरही अजून एकमत नाही.

वेळेचीही एक गंमत आहे. दोन दीर्घिका एकजीव व्हायला शंभर-दोनशे कोटी वर्षं जाऊ शकतात. केंद्र मात्र लाख-दोन लाख वर्षांत विझू शकतं, पुन्हा पेटू शकतं. २००७ साली हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला 'गॅलेक्सी झू' या प्रकल्पात घरबसल्या फोटो चाळताना एका दीर्घिकेशेजारी एक विचित्र तळपता ढग दिसला. त्याला उजेड देणारं शेजारचं केंद्र बघायला जावं तर ते जवळजवळ विझलेलं! उजेड ढगापर्यंत पोचून आपल्याकडे यायला जो उशीर झाला, तेवढ्यात, म्हणजे दोन लाख वर्षांच्या आतच, चूल थंडावली होती. आपण फोटो काढतो त्या क्षणी कोण पेटलेलं आणि कोण निजलेलं, हे पुष्कळसं नशिबावर असतं. आज शांत दिसणारी दीर्घिका काल पेटलेली असू शकते.

आणि मग आपल्या महाराष्ट्रातून सापडलेलं एक घर. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. पुण्याच्या आयुका संस्थेतले जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची मदत घेऊन २०१४ साली 'जे२३४५-०४४९' या दीर्घिकेविषयी लिहिलं. तिच्या केंद्रातून निघालेल्या झोतांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ५२ लाख प्रकाशवर्षं आहे. एवढे झोत सहसा लंबवर्तुळाकार दीर्घिकांतून निघतात, ज्या अनेक टकरींतून घडल्या असं मानलं जातं. ही मात्र सर्पिल आहे. तिची तबकडी शाबूत आहे आणि सेकंदाला ४०० किलोमीटरहून जास्त वेगानं फिरते आहे. अलीकडे मोठी टक्कर झाली असती तर ती तबकडी अशी राहिली नसती. शिवाय झोतांच्या जोड्या एकाहून जास्त आहेत, म्हणजे केंद्र पेटलं, निजलं आणि पुन्हा पेटलं. अंगण सारवलेलं, तुळस जागेवर, कुणी पाहुणं आल्याची खूण नाही. आणि आतून ५२ लाख प्रकाशवर्षांचा जाळ.

*

दिवाळीला घरी गेले तेव्हा दादाचं लग्न जमलेलं होतं. मुलगी सेलूकडची. सगळे खुश होते. आजी मूग निवडत बसली होती, आणि तिनं सहज विचारलं, "पोरगी चांगली हाय, पर पायगुण कसा निघतो कोणाला ठावं?"

आई चुलीपुढे होती. मला तिची पाठ दिसत होती.

मी आजीशेजारी सूप ओढून बसले. म्हटलं, "आजी, तू लग्न होऊन आलीस तेव्हा आपल्या आळीत एकत्र घरं किती होती गं?"

तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. एक हात संपला, दुसरा धरला. आज त्यांतलं एकही एकत्र नाही, हे तिनंच मोजता मोजता सांगितलं.

"ती कशानं फुटली?"

"त्यायचं म्हातारं गेलं, मंग कोण कोणाचं ऐकतंय. त्यायचं इहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. त्यायचं पोरगं नोकरीला लागलं, पगार येगळा ठिवाया लागलं." एका घराचं तिला आठवेना. "फुटलं आसंच," म्हणाली.

"आणि आपल्या घरात आईच्या आधी सुना आल्या नव्हत्या का?"

"आल्या की. माह्या दोन्ही जावा माह्या मागूनच आल्या."

"मग तेव्हा घर कसं नाही फुटलं?"

आजीचा हात सुपात थांबला. ती थोडा वेळ मुगाकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "तव्हा इहिरीचं कर्ज नव्हतं."

विहिरीचं कर्ज मला ऐकून माहीत होतं. त्या दुपारी ते नीट कळलं. विहीर खोल करायला कर्ज काढलं होतं, पाणी लागलं नाही. हप्त्याचे पैसे एका भावाच्या हातात असायचे आणि त्याचा हिशेब दोन वर्षं कुणाला दिसला नव्हता. तीन भावांची मुलं हाताशी आली होती, आणि बावीस एकराला सात वारस दिसू लागले होते. सरपण रचून तयार होतं. त्यात आई आली. अठरा वर्षांची, बांगड्यांनी भरलेल्या हातांची. कोणत्या तरी सकाळी चुलीपुढे कुणाचं तरी कुणाशी तरी वाजलं असेल, आणि ते तिच्यासमोर वाजलं असेल.

"आणि तुझा पायगुण कसा निघाला होता?" मी विचारलं.

आजी तोंडाला पदर लावून हसली. "माहा? मी तर दुष्काळ घिऊन आलते."

आजीचं लग्न १९७२च्या वैशाखातलं. ती पंधरा वर्षांची होती. त्या वर्षी पावसानं दडी मारली. विहिरी आटल्या, गुरं चाऱ्याविना गेली. नवी नवरी चार महिन्यांत दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरी खाऊन तिनं ते वर्ष काढलं. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, पांढऱ्या पायाची आहे.

त्या वर्षी पॅसिफिक महासागराचं पाणी तापलं होतं. एल निनोचं ते एक जबरदस्त वर्ष होतं. अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र होरपळत होता, आणि आमच्या गावात त्याचा जाब एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायांना विचारला जात होता. पण महासागरालाही एकट्याला दोषी धरता येत नाही. १९९७ साली एल निनो त्याहूनही मोठा होता, आणि त्या वर्षी देशभराचा पाऊस जवळपास सरासरीइतका झाला. इतकी अवाढव्य गोष्टसुद्धा कधी फांदी मोडते, कधी नाही.

टूमरे बंधूंचा निबंधही १९७२चाच, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं. त्याला काहीही अर्थ नाही. कावळा आणि फांदी.

*

इथपर्यंत आलं की लेख संपवावासा वाटतो. पायगुण ही अंधश्रद्धा, मोजणी केली की ती गळून पडते, आई निर्दोष. पण मला तेवढ्यावर थांबता येईना. कारण मोजणीतून उलटंही निघू शकलं असतं. दीर्घिकांच्या जवळच्या जोड्यांत ते निघालंच. समजा, शंभर गावांतली घरं तपासली आणि कळलं, की नवी सून आल्यावर वर्षभरात घर फुटण्याचं प्रमाण खरोखरच दुप्पट होतं. ते अगदीच अशक्य नाही. माणूस वाढतं, खोली कमी पडते, झाकलेली भांडणं नव्या माणसापुढे उघडी पडतात. मग काय आईवरचा आरोप खरा ठरला असता?

नाही. आणि हे मला कळायला दीर्घिकांचा आधार लागला. दीर्घिकेविषयी बोलताना शास्त्रज्ञ 'टकरीमुळे पेटलं' म्हणतात, तेव्हा त्यांना टकरीची चूक म्हणायचं नसतं. तिथे फक्त कारणाचा प्रश्न असतो. घरात आपण कारण शोधायला निघतो आणि वाटेत कधीतरी दोष शोधायला लागतो. शब्द तेच राहतात, म्हणून वळण कधी घेतलं ते कळत नाही. आईनं केलं काय, तर ती आली. येणं हे निमित्त असू शकतं. आपल्या बोलण्यात त्यासाठी शब्दही आहे, 'ती नुसती निमित्त झाली.' ज्या भाषेत पायगुण आहे, त्याच भाषेत निमित्तमात्रही आहे. कुणासाठी कोणता शब्द काढायचा, हे मात्र आपण ठरवतो. आणि बहुतेक वेळा पायगुण वाट्याला येतो तो घरात सर्वांत नव्या, सर्वांत लहान आणि उलटून न बोलणाऱ्या माणसाच्या. जावई आल्यावर घर फुटलं तर त्याचे पाय कुणी बघत नाही.

दुसऱ्या बाजूचाही धोका आहे. 'घडणच तशी होती, घर फुटणारच होतं,' असं म्हणणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्यातही पळवाट आहे. आपल्या आकाशगंगेत वायू आहे, चूल आहे, दांडाही आहे, आणि ती निजलेली आहे. सरपण असलं म्हणजे पेटणं ठरलेलं नसतं. आमच्या घरात कर्ज होतं, वारस होते, तरी कुणीतरी हिशेबाची वही सगळ्यांसमोर उघडली असती तर कदाचित दोन वर्षं, कदाचित दहा वर्षं चूल एक राहिली असती. ती वही कुणी उघडली नाही. ही परिस्थिती नव्हती, ते माणसांनी केलेलं काम होतं. वायू निवड करत नाही, माणूस करतो. म्हणून दोष हा शब्द माणसांपुरताच ठेवायचा, आणि माणसांतही ज्यांनी काही केलं किंवा करायचं टाळलं त्यांच्यापुरताच.

पायगुणाचं खरं नुकसान मला इथे दिसतं. तो आईवर अन्याय करतोच. शिवाय तो वही झाकून ठेवतो. आरोपाला सून मिळाली की हिशेब विचारायची कुणाला गरजच उरत नाही. अठ्ठावीस-तीस वर्षं आमच्या घरात विहिरीच्या कर्जाचा विषय निघाला नाही, कारण उत्तर आधीच सापडलेलं होतं आणि ते भाकरी थापत बसलेलं होतं.

माझ्या जन्माच्या वर्षी, १ मे १९९९ला, परभणी जिल्ह्याचीही वाटणी झाली आणि हिंगोली वेगळा निघाला. त्या हिंगोलीत, आमच्या तालुक्याच्या शेजारी औंढा नागनाथजवळ, आता लायगो-इंडिया उभी राहते आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा कृष्णविवरांच्या टकरी 'ऐकतील'. त्या लहान कृष्णविवरांच्या. दीर्घिकांच्या पोटातल्या अवाढव्य जोड्यांची हलकी थरथर पकडायला वेगळी पद्धत लागते. त्यासाठी जगभरच्या दुर्बिणी पल्सार ताऱ्यांची टिकटिक मोजतात, आपली जीएमआरटीही मोजते, आणि २०२३ साली त्या थरथरीचे पहिले ठळक पुरावे जाहीर झाले. उद्या कदाचित टक्कर कुठे झाली हे मोडक्या पदरांवरून ताडावं लागणार नाही. वाद तरीही संपणार नाही. टक्कर झाली एवढंच कळेल. पेटलं ते तिच्यामुळे का, हे विचारायला तेव्हाही न पेटलेल्या घरांकडे जावं लागेल.

*

यंदाच्या वैशाखात वहिनी घरात आली. मापटं ओलांडलं, लक्ष्मीपूजन झालं, सगळं रीतसर. आठव्या दिवशी विहिरीवरची मोटार जळाली.

दुपारची वेळ होती. बाबा मोटारीचा वास घेऊन आले आणि ओसरीवर टेकले. कुणीच काही बोललं नाही. पण सगळ्यांच्या नजरा एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे जाऊन आल्या, माझीसुद्धा. वहिनी तिथे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी आपल्याकडे येतंय एवढं कळलं होतं. तिच्या मागे आई होती.

आजी खाटेवर पडली होती. ती उठून बसली, चष्मा शोधला, आणि बाबांना म्हणाली, "दोन साल झाले, ती मोटार कण्हायलीच व्हती. तुला सांगितलं व्हतं, दुरुस्तीला टाक म्हणून."

मग ती वहिनीकडे वळली. "आण माय, पाणी दे त्याला."